कॅप्सूलने एलडीएल उतरतं का, आणि त्यावर पैसे लावावेत का?

तुमच्या गटातला वाद मला समजला तो असा. उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावातले काही फाउंड्रीवाले, एक सीए आणि एक औषधांचे घाऊक व्यापारी मिळून तुम्ही प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंच्या, कॅप्सूल काढणाऱ्या एका नव्या कंपनीत पैसे घालायच्या बेतात आहात. माहितीपत्रकात 'बारा आठवड्यांत एलडीएल 13 टक्क्यांनी कमी' असं ठळक छापलंय. एलडीएल म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल. एक भागीदार म्हणतात, मी स्वतः नमुन्याच्या कॅप्सूल दोन महिने घेतल्या, माझं एलडीएल 148 वरून 127 वर आलं, आता अजून कसला पुरावा पाहिजे? दुसरे म्हणतात, दह्यातल्या जंतूंनी कोलेस्टेरॉल उतरत असतं तर कोल्हापुरात अँजिओप्लास्टीची वेळ कुणावर आलीच नसती. आणि तुम्ही विचारताय, दोघांतलं कोण बरोबर?

मी बायोकेमिस्ट्रीवाला. आयुष्य रक्त मोजण्यात गेलं, त्यात काही वर्षं औषधांच्या चाचण्यांसाठी लिपिडचे, म्हणजे रक्तातल्या चरबीचे, नमुने मोजून देण्यात. कंपनीचं मूल्यांकन, शेअरची किंमत यातलं मला कळत नाही, त्यामुळे त्यावर बोलणार नाही. पण कोलेस्टेरॉलचा आकडा कागदावर कसा येतो आणि कसा फसवतो, हे चांगलं माहीत आहे. तेवढ्या भांडवलावर सांगतो: काही जंतूंनी एलडीएल थोडं उतरतं, हे खरं आहे. 13 टक्के उतरतं यावर माझा विश्वास नाही. आणि जेवढं उतरतं तेवढ्यावर धंदा उभा राहील का, ही तिसरीच गोष्ट. तुमच्या बैठकीत तिचं नावसुद्धा निघालेलं दिसत नाही.

आधी 148 आणि 127 कडे बघू, कारण सगळ्यात जास्त वजन त्याच आकड्यांना मिळालंय. घरातल्या माणसाचा रिपोर्ट म्हटल्यावर मिळणारच.

बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. 1972 साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र आजही चालतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, वजा करा, मग ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा पाचवा हिस्सा वजा करा, उरेल ते एलडीएल. आता समजा पहिल्या वेळी एकूण कोलेस्टेरॉल 220, एचडीएल 42 आणि ट्रायग्लिसराइड 150 होतं. 220 वजा 42 वजा 30, एलडीएल आलं 148. दोन महिन्यांनी एकूण तेच 220, एचडीएल तेच 42. पण आदल्या रात्री उशिरापर्यंत कुठेतरी तांबडा-पांढरा झाला, सकाळी बारा तास भरायच्या आत रक्त दिलं आणि ट्रायग्लिसराइड आलं 255. त्याचा पाचवा हिस्सा 51. 220 वजा 42 वजा 51, एलडीएल 127. कोलेस्टेरॉल एक मिलिग्रॅमसुद्धा हललेलं नाही. मटणाने एलडीएल उतरवलं!

तुमच्या भागीदारांचं असंच झालं असं मी म्हणत नाही. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि ट्रायग्लिसराइडची ओळ बघा, एवढंच म्हणतो. ती ओळ चढलेली असेल तर पुढचा वाद तिथेच मिटतो. एकूण कोलेस्टेरॉल किती उतरलं हेही बघा. एलडीएल 21 ने उतरलंय आणि एकूण जागच्या जागी आहे, असं असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का, एलडीएलपुढे 'हिशेबाने' लिहिलंय की 'थेट', हे तपासायला तुमचे सीए पुरेसे आहेत.

समजा रिपोर्ट चोख आहेत, दोन्ही उपाशीपोटी, एकाच यंत्रावर. तरी अडचण संपत नाही. माणसाचं एलडीएल मुळात स्थिर नसतं. खाण्यापिण्यात काही बदल न करता ते स्वतःच्या सरासरीभोवती सुमारे आठ टक्क्यांनी खालीवर होत राहतं. थंडीत थोडं चढतं, ताप किंवा मोठं आजारपण आलं की उतरतं, आडवं पडून रक्त दिलं की बसून दिलेल्यापेक्षा कमी येतं. त्यात यंत्राचा स्वतःचा तीन-चार टक्क्यांचा फरक मिसळतो. दोन्ही धरले तर दोन सुट्या रिपोर्टांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या आतला फरक हा खरा बदल आहे, असं लॅबवाल्याला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तुमच्या भागीदारांची घट 14 टक्के आहे. माझा ढोबळ हिशेब असा, की काहीही न घेणाऱ्या शंभर लोकांचं रक्त दोनदा तपासलं, तर त्यातल्या बारा-तेरा जणांना एवढी किंवा याहून जास्त घट निव्वळ योगायोगाने दिसेल. आणि नेमके तेच लोक 'मला गुण आला' म्हणून इतरांना सांगत फिरतील. ज्यांचा आकडा चढला, ते कॅप्सूलची बाटली कपाटात ठेवून गप्प बसतात.

आणखी एक गोष्ट. माणूस कॅप्सूल कधी सुरू करतो? रिपोर्ट वाईट आला की. म्हणजे सुरुवातीचा आकडा बहुधा त्याच्या नेहमीच्या सरासरीच्या वरचा असतो, आणि पुढच्या वेळी तो आपोआप थोडा खाली यायचाच. शिवाय त्याच धक्क्याने तो रंकाळ्यावर फिरायला लागतो, रात्रीची भजी बंद होतात, बायको तेलाच्या डब्यावर नजर ठेवते. मग श्रेय कुणाला द्यायचं, कॅप्सूलला की वहिनींना? म्हणूनच चाचणीत दुसरा गट लागतो, हुबेहूब दिसणारी पण रिकामी कॅप्सूल घेणारा.

आता दुसऱ्या भागीदारांकडे. त्यांची थट्टा चांगली आहे, पण जंतू आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध ही थाप नव्हे. 1974 मध्ये मान आणि स्पोरी या संशोधकांनी पूर्व आफ्रिकेतल्या मसाई पुरुषांना रोज काही लिटर आंबवलेलं दूध पाजलं. त्यांची वजनं वाढली, पण कोलेस्टेरॉल उतरलं. अभ्यास लहान होता, आज त्यावर कुणी धंदा काढू नये, पण जगभरातल्या दूधवाल्यांचं लक्ष तेव्हापासून या गोष्टीकडे गेलं.

यामागची यंत्रणाही समजण्यासारखी आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती आतड्यात उतरतात, जेवणातली चरबी पचवायला मदत करतात, आणि काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यातली साधारण 95 टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. या पित्ताम्लांना ग्लायसिन किंवा टॉरिनचा एक तुकडा जोडलेला असतो. काही लॅक्टोबॅसिलस जंतूंकडे हा तुकडा तोडणारं एन्झाइम असतं, त्याचं नाव बाइल सॉल्ट हायड्रोलेज. तुकडा तुटला की पित्ताम्ल नीट शोषलं जात नाही, शौचावाटे निघून जातं. तूट भरून काढायला यकृताला नवीन पित्ताम्ल करावं लागतं, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेऊन मिळवलं जातं.

हा मार्ग नवा नाही. कोलेस्टिरामिन नावाची औषधी भुकटी नेमकं हेच करते, पित्ताम्लांना आतड्यातच बांधून ठेवते. अमेरिकेत 3,806 पुरुषांवर तिची सरासरी सात वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली आणि 1984 मध्ये निकाल आला. रोजची ठरलेली मात्रा 24 ग्रॅम. एलडीएल सुमारे 20 टक्क्यांनी उतरलं, पण खोटी भुकटी घेणाऱ्या गटाशी तुलना केल्यावर हातात उरले 12.6 टक्के. बाकीचे सात-आठ टक्के खोट्या भुकटीच्या गटातही उतरले होते, कारण पथ्य दोन्ही गटांना होतं. हृदयविकाराचे झटके आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून 19 टक्क्यांनी कमी झाले, हे त्या चाचणीचं मोठं फळ.

आता तुमचं माहितीपत्रक पुन्हा वाचा. रोज चमचे भरभरून भुकटी घेऊन ज्या मार्गाने 12.6 टक्के मिळाले, त्याच मार्गाने एक कॅप्सूल 13 टक्के देते म्हणे. एन्झाइमचा एक रेणू पुन्हा पुन्हा वापरात येतो, त्यामुळे वजनाला वजन अशी तुलना चालत नाही, हे मला मान्य आहे. तरी एवढा आकडा बघितला की मी चष्मा पुसून घेतो.

चाचण्या काय सांगतात? सगळ्यात जुना धडा डेन्मार्कच्या गायो या आंबवलेल्या दुधाचा. नव्वदच्या दशकात सुरुवातीचे छोटे अभ्यास उत्साहवर्धक आले. मग 1996 मध्ये सहा महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. पहिल्या महिन्यात गायो घेणाऱ्यांचं एलडीएल झपाट्याने उतरलं आणि सहा महिने संपताना दोन्ही गट जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन थांबले. बारा आठवड्यांचा निकाल दाखवणाऱ्या कुणालाही मी ही गोष्ट ऐकवतो. कोलेस्टेरॉल हा वर्षानुवर्षांचा मामला आहे आणि शरीर तूट भरून काढायला शिकतं, यकृत स्वतःचं उत्पादन वाढवतं.

त्यातल्या त्यात भक्कम काम रियुटेरी जातीच्या एनसीआयएमबी 30242 या जंतूवर झालंय. कॅनडातल्या मायक्रोफार्मा कंपनीचा जंतू. 2012 मध्ये 127 लोकांवरचा नऊ आठवड्यांचा कॅप्सूलचा अभ्यास आला, त्यात रिकाम्या कॅप्सूलच्या तुलनेत एलडीएल 11.6 टक्क्यांनी कमी. दह्यातून दिलेल्या वेगळ्या चाचणीत सुमारे नऊ टक्के. दुहेरी अंधपणे, म्हणजे खरी कॅप्सूल कुणाला हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही अशा रीतीने केलेले, नीट लिहिलेले अभ्यास, पण करणाऱ्यांत कंपनीचीच माणसं होती. मला खटकतं ते पुढचं. एवढा चांगला आकडा, आणि एवढी वर्षं उलटली तरी हृदयरोगाच्या मोठ्या मार्गदर्शक सूचनांत या जंतूला औषधाची जागा मिळालेली नाही. झटके मोजणारी मोठी चाचणी तर कुठल्याच प्रोबायोटिकवर झालेली नाही. सगळ्या जातींचे अभ्यास एकत्र करून सरासरी काढली की एलडीएलमधली घट साधारण सात-आठ मिलिग्रॅम निघते. 148 वाल्याला पाच टक्के. माझा विश्वास या आकड्यावर आहे.

तुमच्या माहितीपत्रकातल्या 13 टक्क्यांच्या जवळ जाणारी एक चाचणी मात्र आहे आणि गुंतवणूकदारांनी ती जरूर वाचावी. लंडनच्या एआयएम या शेअर बाजारात 2014 मध्ये नोंद झालेल्या ऑप्टिबायोटिक्स कंपनीचा प्लँटारम जातीचा जंतू, रीडिंग विद्यापीठात झालेला अभ्यास, 2017 मध्ये प्रसिद्ध. माणसं एकूण 49, निम्म्यांना जंतू, निम्म्यांना रिकामी कॅप्सूल, बारा आठवडे. निष्कर्षातले ठळक आकडे सुरुवातीच्या कोलेस्टेरॉलनुसार आणि वयानुसार पाडलेल्या उपगटांतले आहेत. इथे थांबून गणित करा. 49 चे दोन भाग, प्रत्येकी पंचवीसच्या आसपास. त्यांचे कोलेस्टेरॉलनुसार तीन तुकडे, म्हणजे एकेका तुकड्यात आठेक माणसं. आठ माणसांची सरासरी एकट्यादुकट्याच्या आजारपणानेही हलते. लिपिडचे चार आकडे, तीन उपगट, तीन कालखंड असं कुणी तपासलं तर 36 तुलना होतात. पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोगाने फसेल इतपत, लावली तर काहीही परिणाम नसताना त्यातल्या एक-दोन तुलना 'लक्षणीय' निघणारच. हा प्राथमिक अभ्यास म्हणून ठीक आहे, पुढे मोठी चाचणी करायला कारण देतो. त्यातला एक उपगट उचलून पुठ्ठ्यावर छापणं ही वेगळी कला आहे.

तुमच्या प्रवर्तकांना पहिला प्रश्न इथूनच विचारायचा: 13 टक्के कुठल्या चाचणीतले, आणि त्या चाचणीतला जंतू तुमच्याच कॅप्सूलमध्ये आहे का? उत्तर ऐकताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. 'प्लँटारम' किंवा 'रियुटेरी' हे जातीचं नाव झालं, त्याने काहीच ठरत नाही. एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या 400/15 प्रतीचं टेस्ट सर्टिफिकेट दाखवून 500/7 चं कास्टिंग कुणी तुमच्या गळ्यात मारलं तर तुम्ही घ्याल? दोन्ही एसजीच. जंतूंतही एकाच जातीच्या दोन वाणांपैकी एकाकडे ते एन्झाइम भरपूर असतं, दुसऱ्याकडे नावालाही नसतं. वाणाचा ठेव क्रमांक मागा, तो चंडीगडच्या एमटीसीसीसारख्या जंतूंच्या मान्यताप्राप्त संग्रहातला हवा. मालकी कुणाची, परवाना किती वर्षांचा, तो भारतापुरता आहे का, हे सीएंनी बघावं. दुसऱ्याच्या वाणावरचा अभ्यास आणि घाऊक बाजारातून आणलेली जंतूंची भुकटी, अशी जोडी मी माहितीपत्रकांत पाहिलेली आहे.

दह्याचं यातच येतं. घरच्या विरजणात कुठला वाण आहे हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून दही-ताकाने एलडीएल उतरतं असं म्हणता येत नाही आणि उतरत नाही असंही नाही. ताक प्या, चांगलं असतं. मात्र गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्याने त्या साईचा हिशेब ताकावर मांडू नये.

जंतू जिवंत पोचतात का, हा भाग तुम्हा कारखानदारांना लवकर कळेल, म्हणून थोडक्यात. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत प्रोबायोटिकच्या रोजच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जंतू हवेत. कोलेस्टेरॉलच्या चाचण्यांत मात्रा त्याच्या कित्येक पट असते, 49 जणांच्या त्या अभ्यासात दर कॅप्सूलला 200 कोटी, दिवसातून दोनदा. लेबलवरचा आकडा भरतानाचा आहे की मुदत संपतानाचा? गोठवून सुकवलेल्या जंतूचे दोन वैरी, ऊब आणि ओल. मे महिन्यात कुरिअरच्या पत्र्याच्या गाडीत आणि जुलैत आपल्याकडच्या दमट हवेत ठेवलेल्या बाटलीत शेवटी किती उरले, याचा दर तीन महिन्यांचा तक्ता कंपनीकडे असलाच पाहिजे. मोजणी बाहेरच्या लॅबने केलेली हवी. दुधाच्या या जिल्ह्यात थंड साखळी म्हणजे काय हे कुणाला शिकवायला नको, पण औषध दुकानाच्या फळीवर फ्रीज नसतो.

आता धंदा. तुमच्या कॅप्सूलवर कायद्याने काय छापता येईल? हे औषध नाही, पूरक आहार आहे. लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असं ठळक लिहावंच लागतं. 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनुसार रोगाचा धोका कमी करण्याच्या दाव्याला प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते. हृदयविकार बरा करतो असं सुचवणारी जाहिरात केली तर 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहेच. युरोपात तर दार अजून अरुंद आहे. तिथे वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि ओट्समधलं बीटा-ग्लुकॅन यांना कोलेस्टेरॉलचा दावा मंजूर आहे, जंतूंना नाही. जिवंत जंतूंना तिथे मिळालेला दावा म्हणजे दह्याच्या विरजणाने दुधातली साखर पचायला मदत होते, एवढाच. म्हणजे माहितीपत्रकातलं ते ठळक वाक्य तुम्हा गुंतवणूकदारांना दाखवण्यापुरतं आहे. गिऱ्हाईकाच्या हातात जाणाऱ्या खोक्यावर ते आहे तसं छापता येईल का, हे लेखी विचारा. छापता येणार नसेल तर विक्री कशाच्या जोरावर होणार?

आणि समोर उभं कोण आहे? स्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणारं डॉक्टरांचं नेहमीचं औषध. 2022 मध्ये अमेरिकेत 190 लोकांवर 28 दिवसांची एक तुलना झाली. एका बाजूला रोसुवास्टॅटिनची सगळ्यात लहान, 5 मिलिग्रॅमची गोळी, दुसऱ्या बाजूला मासळीचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ. गोळीने एलडीएल सुमारे 38 टक्क्यांनी उतरवलं. सहा पूरकांपैकी एकानेही रिकाम्या गोळीपेक्षा लक्षणीय घट दाखवली नाही. त्यात प्रोबायोटिक नव्हतं, हे खरं. पण ग्राहकाच्या डोळ्यासमोरचं तराजू हेच आहे, आणि स्टॅटिन आपल्याकडे काही रुपयांना मिळतं. मोठ्या चाचण्यांचं एकत्र गणित सांगतं, की एलडीएल 39 मिलिग्रॅमने उतरलं तर झटका, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना सुमारे 22 टक्क्यांनी कमी होतात. तेच गणित सात-आठ मिलिग्रॅमला लावलं तर पाचेक टक्के हाती येतात, तेही कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतली आणि परिणाम टिकला तर.

'गोळी एकदा लागली की सुटत नाही' म्हणून घाबरणारे लोक कोल्हापुरात भरपूर आहेत आणि तुमच्या घाऊक व्यापारी मित्रांचा भरवसा त्यांच्यावरच असणार. ते पहिली बाटली घेतील, यात शंका नाही. पण तीन महिन्यांनी ते काय करतील? रिपोर्ट काढतील. खरा परिणाम पाच टक्के आणि माणसाची स्वतःची हेलकावणी त्याच्या दुप्पट-अडीचपट, तर कॅप्सूल चांगली असूनही दर तिघांपैकी एकाला आपला आकडा चढलेला दिसेल. तो दुसरी बाटली घेईल? प्रवर्तकांच्या विक्रीच्या अंदाजात पुन्हा घेणाऱ्यांचं प्रमाण किती धरलंय, ते बघा. मला या सगळ्या व्यवहारात सगळ्यात कच्चा सांधा तो वाटतो.

जोखमीचं एक उदाहरण देतो, कारण पूरक आहार म्हणजे निर्धोक असा समज असतो. जपानच्या कोबायाशी फार्मास्युटिकलने कोलेस्टेरॉलसाठी विकलेली लाल यीस्टच्या तांदळाची गोळी मार्च 2024 मध्ये परत बोलवावी लागली. घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, मृत्यूंची चौकशी लागली, उत्पादनात शिरलेल्या बुरशीपासून झालेलं प्युबेरुलिक आम्ल सापडलं. त्याच जुलैत कंपनीच्या अध्यक्षांना आणि चेअरमनना पद सोडावं लागलं. लॅक्टोबॅसिलसचा इतिहास त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, पण किण्वनाच्या टाकीत दुसरं काय वाढतंय यावर कुणाची नजर आहे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

मग मी तुमच्या जागी काय केलं असतं? फक्त कोलेस्टेरॉलच्या दाव्यावर एक रुपया घातला नसता. कंपनीकडे स्वतःचा वाण असेल, भुकटी करण्याची चांगली सोय असेल, पोटाच्या तक्रारींसाठी तोच माल विकायची तयारी असेल, तर ते वेगळं, त्याचा विचार त्याच्या गुणावर करा. कोलेस्टेरॉलचा आग्रहच असेल तर पैसे टप्प्याने द्या आणि मधला टप्पा चाचणीला बांधा. चाचणी सुरू होण्याआधी ती आयसीएमआरच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली हवी, कुठला एक आकडा मुख्य मानणार हे तिथे आधीच लिहिलेलं हवं. पाच टक्क्यांचा फरक पकडायचा तर प्रत्येक गटात दीडशे-दोनशे माणसं लागतात, पन्नासात भागत नाही. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकी दोन वेगवेगळ्या दिवशी उपाशीपोटी रक्त, एलडीएल थेट मोजलेलं, सगळे नमुने एका लॅबमध्ये, आणि काळ निदान सहा महिने. प्रवर्तक म्हणतील, एवढा खर्च परवडत नाही. त्यांचं ते म्हणणं खरं असू शकतं, पण मग 13 टक्केही त्यांना परवडत नाहीत.

रजिस्ट्रीत त्यांची चाचणी आधीच नोंदलेली असेल तर नोंदीची तारीख आणि पहिला माणूस घेतल्याची तारीख ताडून बघा. आणि छापील निकालात मुख्य आकडा बदललाय का, तेही.

तुमच्या त्या 148 वाल्या भागीदारांना माझ्याकडून सांगा, कॅप्सूल घ्यायची तर घेऊ देत, त्याने अपाय व्हायची शक्यता कमी. पण त्यांना मधुमेह असेल, स्टेंट बसवलेली असेल किंवा डॉक्टरांनी स्टॅटिन सुरू केलेलं असेल, तर 127 बघून ते थांबवू नये. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, बारा तास उपाशी राहून, एकाच लॅबमध्ये तपासावं आणि दोन्हींची सरासरी डॉक्टरांना दाखवावी. आणि प्रवर्तकांनी चाचणीचे मूळ तक्ते द्यायची तयारी दाखवली तर ते मला पाठवा, मी वाचून देतो.